मदत हवी आहे: रंगाला फुगे, पांढरी भुकटी, काळे ठिपके. एकच रोग की तीन?

रत्नागिरीजवळ आमचं चिऱ्याचं जुनं घर आहे. दोन वर्षांपूर्वी दिवाळीआधी पुट्टी भरून आतून प्लास्टिक पेंट मारला. यंदाचा पाऊस संपेपर्यंत भिंतींची ही अवस्था:

माजघराच्या मागच्या भिंतीला जमिनीपासून गुडघाभर फुगे. नखाने फोडले की आत ओला गिलावा, पुट्टी पिठासारखी गळते. मधे मधे मिठासारखं पांढरं. जिभेला लावलं (हसू नका), खारटच!

न्हाणीघराच्या छताला कोपऱ्यात काळे ठिपके. पुसले की जातात, आठवड्यात परत हजर.

बाहेरून हात फिरवला तर तळवा पांढरा होतो.

पेंटर म्हणतो, खरवडून परत पुट्टीचे दोन हात देऊ. आई म्हणते, पैसे पुन्हा पाण्यात. काय करू?

प्रतिसाद १:
आधी ते जिभेला लावणं बंद करा! जुन्या घरात खाली ऑइल पेंटचे थर असतात, त्यात शिसं असू शकतं. आपल्याकडे रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा २०१७ पासून आली. खरवडताना मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

आई बरोबर आहेत. गळती वरून असती तर डाग वरून ओघळले असते. गुडघ्यापर्यंतच आहे म्हणजे ओल जमिनीतून चढतेय आणि ते पांढरं म्हणजे लोणा (ओलीबरोबर वर आलेला क्षार). तो कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर विरघळून परत भिंतीत जाईल. खात्रीसाठी हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा. दुसऱ्या दिवशी भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल आतली, खोलीकडच्या बाजूला दिसले तर हवेतली.

काळ्या ठिपक्यावर ब्लीचचा थेंब टाका. फिका पडला तर बुरशी, नाहीतर मळ. बाहेरची भुकटी म्हणजे उन्हाने रंग म्हातारा झालाय. धुवा, वाळू द्या, प्रायमर मारा, झालं.

धागालेखक:
प्लास्टिक लावलं होतं. भिंतीकडून चिंब! ब्लीचने ठिपकेही गेले. आणि आत्ता लक्षात आलं, तीन वर्षांपूर्वी मागच्या अंगणात पेव्हर बसवले तेव्हा भराव टाकला होता. अंगण आता जोत्याच्या वीतभर वर आहे, पावसाचं पाणी थेट भिंतीला टेकतं. पेंटरला तूर्तास थांबवलंय. आता सगळे पेव्हर उचलून भराव काढावा, की भिंतीलगत दोन फुटांची पट्टी उकरून चर काढला तरी भागेल? कोणी केलंय का असं?