फिरवून वर येणाऱ्या रिफिलच्या डबीवर पेटंट ऑफिसचा आक्षेप आलाय, उत्तर कसं द्यावं?

मेघना_धायरी

नमस्कार मंडळी. मी धायरीत घरूनच डिओडरंट स्टिक आणि लिप बाम बनवते. खोबरेल, शिया बटर, मधमाशीचं मेण, असा साधा माल. डब्या बोहरी आळीतून आणायचे. गिऱ्हाईक रिकामी डबी परत आणून देतं, "ताई, हीच भरून द्या" म्हणतं, आणि ती काही केल्या धड भरता येत नाही. मधे आट्यांचा दांडा असतो, त्यावर चकती चढत जाते. माल संपला की चकती वर जाऊन बसते. ती खाली आणायला बूड उलटं फिरवत बसायचं, त्यात आटे तेलकट. वरून गरम माल ओतला की दांड्याच्या कडेने तळातून गळतो. शेवटी डबी कचऱ्यात. इतकं चांगलं पीपी प्लास्टिक दोन महिन्यांत फेकलेलं मला बघवत नव्हतं.

म्हणून मी आणि माझ्या मावसभावाने (तो भोसरीत डाय डिझाइन करतो) एक डबी बसवली. बाहेरची बॉडी आणि दांडा कायमचे. रिफिल म्हणजे लंबगोल नळी, तिच्यात मधोमध भोक असलेली वडी, वडीखाली चकती. चकतीत अखंड नट नाही, दोन जबडे आहेत. जबड्यांची बाहेरची बाजू वरच्या अंगाला निमुळती, आणि त्यांच्याभोवती तशीच निमुळती कडी. स्टिक काखेत लावताना दाब खाली येतो, कडी जबड्यांवर बसते आणि जबडे दांडा घट्ट पकडतात. रिकामी नळी सरळ वर ओढली की कडी उचलली जाते, जबडे उघडतात, नळी हातात येते. नवी रिफिल आत घालताना नळीतली एक खुंटी कडीला वर धरून ठेवते, म्हणून ती दांड्यावरून अडखळत नाही. नळी बुडाला टेकली की बॉडीच्या आतली उभी पट्टी खुंटी बाजूला सारते आणि कडी खाली बसते. उलटं फिरवायचं कामच नाही.

अर्ज माझ्या नावावर आहे. अर्जदार स्त्री असली तर जलद तपासणी मागता येते, म्हणून फॉर्म १८ए भरला. आता एफईआर, म्हणजे पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी अहवाल, आलाय. त्यात आधीच्या पेटंटांचे दोन दाखले दिलेत. पहिला दाखला डी-१: रिफिल बदलता येणारी स्टिकची डबी, अखंड नटाची. दुसरा डी-२: झटकन उघडणारा बाकावरचा शिकंजा, ज्यात हाफ नट (दोन भागांत उघडणारा-मिटणारा नट) आहे. म्हणणं असं की डी-१ मध्ये डी-२ चा हाफ नट घातला की माझी डबी होते, यात कल्पकता नाही. शिवाय कलम ३(एफ), म्हणजे माहितीतल्याच वस्तूंची नुसती मांडणी. आणि पहिला दावा, म्हणजे नेमका कशावर हक्क मागतोय ते सांगणारं वाक्य, मोघम आहे.

आमच्या पेटंट एजंटबाई म्हणतात दावा आवळा, म्हणजे कमी व्याप्तीचा करा. घरचे म्हणतात डिझाइन रजिस्टर करून मोकळी हो. मला भीती ही की दावा आवळला तर उद्या कुणीही थोडा बदल करून हीच डबी काढेल. मुदतीचे दोन महिने उरलेत. काय करू?

---

निखिल_कोथरूड

घरच्यांचं बरोबर वाटतं. डिझाइनला खर्च कमी, वेळ कमी, आधी दहा वर्षं आणि पुढे पाच वर्षं वाढवून मिळतात. डबीचा आकार छान असेल तर तोच वाचवा.

---

टूलरूम_भोसरी

मेघनाताई, मी बावीस वर्षं टूलरूममध्ये काढली, त्यातली शेवटची काही कंपनीच्या पेटंटच्या फायली सांभाळण्यात. तुमचा अहवाल वाचून मला तपासनीसाचा राग आला नाही. त्याने काम नीट केलंय. हाफ नट आम्हाला लेथवर रोज दिसतो. आटे पाडताना कॅरेजचा लिव्हर दाबला की हाफ नट लीडस्क्रूला (कॅरेज सरकवणाऱ्या आट्यांच्या लांब दांड्याला) धरतो, वर केला की सोडतो. कुठल्याही फिटरला विचारा, "अखंड नट दुभंगून टाक" हे तो पहिल्याच चहाला सुचवेल. तपासनीस ज्याला त्या विषयातला जाणकार माणूस म्हणतो तो हाच फिटर. त्यामुळे "आमची डबी कॉस्मेटिकची, तुमचा दाखला शिकंज्याचा, क्षेत्रं वेगळी" एवढ्यावर भिस्त ठेवू नका. म्हणायचं असेल तर एका परिच्छेदात म्हणा आणि पुढे व्हा.

फिरवून वर येणं यावर तर कुणाचाच हक्क उरलेला नाही. फिरवून वर येणाऱ्या लिपस्टिकच्या नळीचं पेटंट अमेरिकेत १९२३ सालचं आहे. १९६९ मध्ये हेंकेलने ग्लू स्टिक बाजारात आणली, तीही लिपस्टिक बघूनच सुचलेली. एस्पेसनेटवर (पेटंट शोधायची साइट) ए४५डी ४० हा वर्ग उघडून बघा, अशा डब्यांची रांग लागेल. रिफिलच्या डब्याही त्यात ढिगाने. हे वाचून खचू नका. तुमचं जे खरोखर तुमचं आहे ते या गर्दीत कुठे उभं आहे ते कळायला हाच रस्ता आहे.

आता मुद्दा. डी-२ मध्ये हाफ नट उघडतो-मिटतो तो माणसाच्या हाताने, लिव्हरने. शिकंज्याला ते चालतं, कारण कारागीर समोर उभा असतो. तुमच्या डबीत लिव्हर नाही, आणि तो ठेवला तर काखेत लावताना टोचेल. तुमच्याकडे नट मिटवतो तो वापरणाऱ्याचा दाब. जितका दाब जास्त तितकी पकड जास्त. आणि नट उघडा ठेवते ती रिफिलची नळी, तीसुद्धा फक्त बुडाला टेकेपर्यंत. म्हणजे दाब खालीच येतोय, पण रिफिल घालताना जबडे उघडे आणि लावताना मिटलेले. एकाच दिशेचा जोर आणि दोन उलटी कामं. डी-१ आणि डी-२ शेजारी ठेवून फिटरला दिले तर त्याची डबी पहिल्याच रिफिलला अडकेल, कारण आत ढकलतानाच त्याचे जबडे आटे धरून बसतील. ही अडचण दोन्ही दाखल्यांत कुठेच नाही, मग उत्तर कुठून असणार? तुमच्या उत्तराचा गाभा हा.

एक सावधगिरी. नुसत्या निमुळत्या कडीवर विसंबू नका. दाब आला की पकड वाढते, हे तर प्रत्येक कोलेटमध्ये (लेथवर नग आवळून धरणाऱ्या चिरा पाडलेल्या नळीत) आहे. सुनावणीत कुणी कोलेट काढला तर कडीचा मुद्दा तिथेच संपेल. खुंटी आणि उभी पट्टी कडीशी बांधा. ती जोडी तोडता येत नाही.

३(एफ) चं उत्तरही यातच आहे. ते कलम अशा मांडणीसाठी आहे जिथे प्रत्येक भाग आपापलं जुनं काम स्वतंत्रपणे करत राहतो. तुमच्याकडे पट्टी काढली तर खुंटी सुटत नाही, खुंटी सुटली नाही तर कडी बसत नाही, कडी बसली नाही तर स्टिक वर येत नाही. एका भागाचं काम दुसऱ्यावर टांगलेलं आहे. हे आकृतीतल्या क्रमांकांसह, भागाभागाने लिहा. विशेषणं नकोत. "नावीन्यपूर्ण", "पर्यावरणपूरक", "क्रांतिकारी" असले शब्द तपासनीसाच्या काही उपयोगाचे नाहीत.

सुप्रीम कोर्टाचा १९७८ चा एक निकाल जरूर वाचा, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज. वाद होता भांडी घासून गुळगुळीत करताना लेथवर धरायच्या साधनाचा. कोर्टाने सांगितलं की कारखान्यात रोजच्या कामात होते तसली सुधारणा पेटंटला पुरत नाही. ते पेटंट गेलं. आपल्यासारख्या आटे-नटवाल्यांना याहून जवळचा निकाल नाही. तुमची डबी त्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे, हे तुम्हालाच दाखवून द्यायचंय, आणि मला ती पलीकडे वाटते.

---

सविता_एजंट

टूलरूमदादांनी यंत्राचं सांगितलंय, मी कागदाचं सांगते.

निखिल, डिझाइनचा सल्ला इथे उलटू शकतो. डिझाइन फक्त दिसण्याचं असतं, आतली यंत्रणा त्यात येतच नाही. आणि ताईंनी जलद तपासणी मागितली म्हणजे त्यांचा अर्ज आकृत्यांसह प्रसिद्ध झालाय. डिझाइन अर्जाआधी कुठेही प्रसिद्ध झालेलं नसावं लागतं. त्या आकृत्यांत बाहेरचा आकार दिसत असेल तर तो आता नवा राहिला नाही. बाजारात आणताना बॉडी वेगळ्या घाटाची करणार असाल तर त्या घाटाचा अर्ज जरूर करा, पण कुणाला फोटो पाठवायच्या आत.

दावा आवळण्याबद्दल: कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती फक्त आत जाणारी चालते. मूळ तपशिलात (अर्जासोबत दिलेल्या वर्णनात) जे नाही ते आता घालता येत नाही, आणि नवा दावा जुन्या दाव्याच्या कक्षेतच बसायला हवा. म्हणून आधी हे सांगा, खुंटी आणि पट्टी मूळ मजकुरात लिहिलेली आहे की फक्त आकृतीत दिसते? लिहिलेली असेल तर निर्धास्त. एजंटबाई योग्यच सांगतायत. मोठा दावा मागून नामंजूर होण्यापेक्षा नेमका दावा मंजूर होऊन टिकलेला बरा. प्रतिस्पर्ध्याने खुंटीऐवजी दुसरं काही वापरलं तर काय, ही तुमची भीती खरी आहे. तिचा बंदोबस्त असा: मुख्य दाव्यात "खुंटी" न म्हणता कडीला वर धरणारा, नळीवरचा भाग म्हणा, मूळ मजकूर तेवढा आधार देत असेल तर. खुंटीचा विशिष्ट आकार पुढच्या, मुख्य दाव्यावर अवलंबून असलेल्या दाव्यात ठेवा.

मुदत एफईआरच्या तारखेपासून सहा महिने, फॉर्म ४ भरून आणखी तीन. उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. उत्तर पटलं नाही तर सुनावणीची नोटीस येते, ती व्हिडिओवर होते, आणि सुनावणीनंतर लेखी म्हणणं द्यायला पंधरा दिवस मिळतात. मुंबईला अँटॉप हिलला चकरा मारायची गरज नाही.

---

मेघना_धायरी

सविताताई, आत्ता कागद काढून बघितला. मजकुरात लिहिलंय, "नळीच्या आतील बाजूस असलेला धारक भाग, उदाहरणार्थ खुंटी". हे आमच्या एजंटबाईंनीच लिहून घेतलं होतं, मी तेव्हा कशाला हवं म्हणून वाद घातला होता त्यांच्याशी.

दादा, तुम्ही सांगितलेलं करून पाहिलं. भावाने डी-१ सारखी चकती घेतली आणि नट करवतीने मधोमध चिरून वर रबराची रिंग चढवली. ती दांड्यावर ढकलली तर प्रत्येक आट्यावर कट कट करत अडकते, आणि वरून दोन किलोचं वजन ठेवलं की जबडे फाकून चकती सरळ खाली येते. आमच्या चकतीवर तेच वजन ठेवलं तर ती हलत नाही. दोन्हीचा व्हिडिओ काढलाय. मे महिन्यात गाडीच्या डिकीत वडी मऊ होते, म्हणून गरम डबीवरही करून बघितलं. वडी दबते, चकती तिथेच. हे उत्तरात घालू का?

---

सविता_एजंट

घाला, पण तपशिलात नव्हे. शपथपत्र करून पुरावा म्हणून जोडा. भावाचं शिक्षण, अनुभव, चकती कशी बनवली, वजन किती, काय घडलं, एवढंच. व्हिडिओतले स्थिर फोटो लावा. चिरलेली चकती आणि रबराची रिंग जपून ठेवा.

---

टूलरूम_भोसरी

शाब्बास. आणि शपथपत्रात हेही लिहा की चिरलेली चकती एका अनुभवी डाय डिझायनरने बनवली आणि तरी ती अडकली. जाणकार माणसाला ते सहज सुचलं असतं, या म्हणण्याला यापेक्षा नेमकं उत्तर मिळणार नाही.

---

मेघना_धायरी

पहिल्या दाव्याचा मसुदा. मराठीत विचार करून लिहिलाय, इंग्रजी एजंटबाई करतील:

"बॉडी, बुडासह फिरणारा आट्यांचा दांडा आणि बदलता येणारी रिफिल असलेली डबी, जिचं वैशिष्ट्य असं की रिफिलच्या चकतीत दांडा पकडणारे दोन जबडे व त्यांच्याभोवती निमुळती कडी आहे, रिफिलच्या नळीवर कडीला जबड्यांपासून वर धरणारा धारक भाग आहे, आणि वापरणाऱ्याला रिफिल सहज बदलता यावी यासाठी नळी बसल्यावर कडी खाली येते."

---

टूलरूम_भोसरी

पहिले दोन तुकडे चांगले. तिसरा बदला. "सहज बदलता यावी यासाठी" हे हेतू सांगणं झालं, मोघम म्हणून आक्षेप आलाय तो अशाच वाक्यावर. आणि मुख्य म्हणजे यात पट्टीच नाही! कडी आपोआप खाली येत नाही ना, पट्टी धारकाला सारते म्हणून येते. असं लिहा: "बॉडीच्या आत सोडवणारा भाग आहे, जो नळी बुडाला टेकताच धारक भागाला कडीपासून बाजूला सारतो, ज्यामुळे चकतीवर खाली येणारा दाब कडीमार्फत जबड्यांना दांड्यावर आवळतो."

जबडे कुठल्या अंगाला निमुळते तेही पहिल्याच दाव्यात घाला. वरच्या अंगाला. दिशा उलटी धरली तर दाबाने जबडे सुटतील आणि दावा आकृतीशी जुळणार नाही.

---

मेघना_धायरी

पट्टी राहिलीच होती. दिशाही घातली. उद्या सकाळी एजंटबाईंकडे जाते, भावाला शपथपत्रासाठी सोबत घेऊन. बॉडीचा नवा घाट ठरत नाही तोवर फोटो कुठेही टाकणार नाही.