बाळंतपणात तुमच्याजवळ कोण होतं? डूलाचे अनुभव

डॉक्टर तपासून जातात, सिस्टरची ड्युटी बदलते. कळा सुरू झाल्यापासून बाळ छातीशी येईपर्यंत जागची हलत नाही ती डूला, म्हणजे पैसे देऊन ठेवलेली बाळंतपणातली सोबतीण. आतली तपासणी, औषध, बाळाचे ठोके यातलं काही तिचं काम नाही. डूला घेतलेल्या, नको वाटलेल्या, सगळ्यांनी लिहा. हॉस्पिटलचं नाव मात्र नको.

पुणे : माझ्या कळा सगळ्या कंबरेत. प्रत्येक कळेला ती माकडहाडाच्या जरा वर दोन्ही तळव्यांनी दाबून धरायची. हात सुटला की मी ओरडायचे. मग तिनं नवऱ्याला ती जागा दाखवली आणि स्वतः पाणी पाजायला पुढे आली. शेवटी सिझेरियनच झालं. "म्हणजे पैसे वायाच की," सासूबाई म्हणाल्या. मला तसं नाही वाटलं. टाक्यांवर भार न देता बाळाला काखेत धरून कसं पाजायचं, ते तिनंच शिकवलं.

वरचीचा नवरा : मला वाटलं, बाई आली, आपण सुटलो. दुसऱ्या दिवशी मनगटं हलेनात!

नागपूर, स्त्रीरोगतज्ज्ञ : सिझेरियन टळेलच अशी हमी कुणी देऊ नये. पण कोक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासते; तिच्या २०१७च्या आढाव्यात २६ चाचण्या, १५ हजारांवर बायका होत्या. सतत सोबत मिळालेल्यांत नैसर्गिक प्रसूती जास्त, सिझेरियन कमी.

सातारा जिल्हा, आशासेविका : सरकारी दवाखान्यात बाईमाणूस सोबतीला ठेवायची मुभा २०१६पासून आहे. गर्दी असली की "बाहेर थांबा" ऐकावं लागतंच. आणि सोबतीला सासूच कशाला? पोरीला विचारा की कोण हवं ते.

नेदरलँड्स : इथे डूलाचे पैसे आपले आपण भरायचे, पण बाळंतपणानंतर साधारण आठवडाभर 'क्राम्झोर्ख'ची बाई घरी येते, बहुतेक खर्च विम्यातून. टाके, बाळाचं वजन, पाजणं, सगळं बघते. ती खिडकी उघडायची, माझी आई लावायची. पाहुण्यांना इथे टोस्टवर साखरेत घोळवलेले बडीशेपेसारखे दाणे देतात. ते पाहून, बाळंतशोपा घेऊन आलेली आई जरा निवळली.

ठाणे : सातवा लागलाय. ठरवताना काय विचारू?

पुणे : त्याच रात्री तिची दुसरी बाई अडली, तर तुझ्याकडे कोण येणार? आणि हॉस्पिटलला विचार, नवरा आणि डूला दोघांना आत घेतात का. आमच्याकडे आधी एकालाच घेत होते.