पुढची गाडी कोणती? माझं मत हेराल्ड, बाकी सगळे फियाट म्हणतात

टिळकवाडीकर

जुन्या गाड्या दुरुस्त करून पुन्हा चालू करायच्या आपल्या कामात आमची जीप झाली. बेळगावच्या उद्यमबागेतली शेड रिकामी आहे, पावसाळा संपला की पुढची गाडी आत घ्यायची. तीन गाड्या बघून ठेवल्यात. निपाणीत एका तंबाखूच्या वखारीत उभी असलेली १९६८ ची फियाट ११०० डिलाइट, खानापूरजवळ एक मार्क टू अॅम्बॅसेडर, आणि गडहिंग्लजला एका डॉक्टरांच्या जुन्या घरातली दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. शेडमधले बाकीचे सगळे फियाटच्या बाजूने आहेत. मला हेराल्ड हवी आहे. का ते सांगतो, पटलं नाही तर सरळ खोडून काढा.

हेराल्डला वेगळी चेसिस आहे. १९५९ साली इंग्लंडमध्ये ट्रायम्फ कंपनीने ही गाडी काढली तेव्हा अखंड बॉडी बनवून देणारा कारखाना त्यांच्या स्पर्धकाच्या ताब्यात गेला होता. मग त्यांनी बॉडीचे भाग वेगवेगळे करून घेतले आणि चेसिसवर बोल्टने जोडले. आज आपल्यासारख्यांना ते वरदान आहे. बोल्ट सोडवा, बॉडी उचला, चेसिस उघडी. पुढचं बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढे कलतं, टायरवर बसून कार्बुरेटर खोलता येतो. फियाटला बॉडी हीच चेसिस. खालचा साइड मेंबर, म्हणजे बाजूचा लांब दांडा, सडला असेल तर जिगवर (बॉडी सरळ धरणाऱ्या चौकटीवर) घेतल्याशिवाय वेल्डिंगला हात लावता येत नाही. तसाच लावला तर नंतर दारं बसत नाहीत.

दुसरं कारण बेळगावचं आहे. हेराल्डचं जे मोडतं ते धातूचं आहे. मागची चाकं फिरवणारे हाफशाफ्ट, हब, ब्रेक ड्रम, ट्रनियन (पुढच्या चाकाचा खालचा सांधा), वॉटर पंपाची बॉडी. उद्यमबाग आणि मच्छे इथे फाउंड्री आहे, लेथ आहे, शाफ्टवर दाते (स्प्लाइन) काढून देणारे आहेत. बाहेर परदेशी विमानांचे आणि हायड्रॉलिक पंपांचे भाग आपल्या गावातून जातात. मग साठ वर्षांपूर्वीच्या गाडीचा हाफशाफ्ट ईएन २४ पोलादात करून घ्यायला अडचण काय?

आणि फियाट वाचवायला माणसं आहेत. हेराल्ड १९६१ पासून मद्रासला बनायला लागली, पुढे तिची गॅझेल झाली आणि १९७७ ला तीही बंद पडली. गडहिंग्लजच्या घराची वाटणी झाली आहे. गाडी कोणी नेली नाही तर वर्षभरात ती किलोच्या भावाने जाणार.

निपाणीकर

दादा, फियाटच्या वतीने मीच बोलायला पाहिजे, कारण ती वखार मी आतून बघितली आहे. तंबाखूची वखार म्हणजे कोरडी जागा. दमट झाली तर मालाला बुरशी येते, म्हणून ती कोरडी ठेवावीच लागते. गाडीखाली सरपटत जाऊन मी मागच्या सीटखालचा पत्रा बोटाने दाबून बघितलाय. टणक आहे. ज्या साइड मेंबरची भीती तुम्ही घातली तो या गाडीचा शाबूत आहे.

तुम्ही म्हणता, मोडलं तर बेळगावात बनवू. मी म्हणतो, मोडलं तर विकत का मिळू नये? १९६४ ला ही ११०० डी कुर्ल्यात बनायला लागली, तिचीच पुढे पद्मिनी झाली, आणि विसावं शतक संपेपर्यंत तेच १०८९ सीसीचं इंजिन आणि जवळपास तोच पत्रा चालू होता. किंगपिन किट, क्लच प्लेट, डिस्ट्रिब्युटरची कॅप, दाराचं बीडिंग, सगळं मुंबईत मिळतं. शिवाय हाताखाली काम केलेला माणूस मिळतो. निपाणीत आजही एक मेस्त्री आहेत, स्टिअरिंगवरच्या गिअरचा दांडा हातात धरून लिंकेजमधलं कुठलं बुश गेलंय ते सांगतात. हेराल्डचा असा माणूस दाखवा.

अर्ध्यात पडलेल्या गाड्या मी या भागात फार बघितल्यात. बॉडी एका गावात, इंजिन दुसऱ्या गावात, आणि मालक एका पार्टची वाट बघत. ती गाडी भंगारात गेली नाही इतकंच, पण वाचली असंही म्हणता येत नाही.

उद्यमबाग फिटर

टिळकवाडीकर, लेथवर काय बनतं ते मला विचारा की. हाफशाफ्ट बनतो, मी करून देतो. ईएन २४ घेऊन, टर्निंग करून, हार्डनिंग करून, मग ग्राइंडिंग. पण तो मोडतो का ते आधी बघा. हेराल्डला मागे स्विंग अॅक्सल हाय, वर आडवा एकच पाटा. वळणावर जोरात असताना अॅक्सिलरेटरवरून पाय झटकन काढला की बाहेरचं मागचं चाक आत दुमडतं आणि गाडीची पाठ निसटते. चोर्ल्यात, आंबोलीत वळणं किती आणि पावसात रस्ता कसा, ते सांगायला नको. गॅझेलला कंपनीनं सरळ अॅक्सल घातला तो उगाच न्हाई घातला.

पाटा नवीन कमानीचा करून घेतला, युनिव्हर्सल जॉइंट चांगले घातले आणि चालवणारा शांत असला तर गाडी चालते. पण ही तुमची पहिली मोटार हाय. जीप म्हणजे मोटार न्हवे. जीपला दारांची फट, काच, छपराचं अस्तर यातलं काही बघावं लागत न्हाई. माझं मत फियाटला.

आणि एक. फियाटच्या इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं असतं. जुन्या मालकांनी वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातलेलं असतंय, कूलंट कोणी घातलं न्हाई. त्यामुळे पाण्याच्या भोकांच्या कडा खाल्लेल्या असतात. निपाणीची गाडी घेतली तर आधी हेड उतरवा. खड्डे खोल असले तर वेल्डिंग करून फेसिंग, म्हणजे तळ घासून सपाट, करायला पाहिजे. नुसतं नवीन गॅस्केट घालून उपयोग न्हाई.

टिळकवाडीकर

काका, स्विंग अॅक्सलचं म्हणणं पूर्ण मान्य. ज्या वेगाने ते चाक दुमडतं त्या वेगाने मी कुठलीही साठ वर्षांची गाडी घाटात चालवणार नाही, फियाटसुद्धा नाही, चार ड्रम ब्रेकवर. म्हणून तो मुद्दा माझ्यासाठी निर्णायक होत नाही. मेस्त्री नसण्याचा मुद्दा मात्र जड आहे. त्याचं उत्तर एकच, की आपण शिकायचं. बोल्टने जोडलेली गाडी शिकायला सगळ्यात सोपी.

अथणी रोड

तुम्ही मॉडेलवर भांडताय, मी गावावर बोलतो. आपल्या एका जिल्ह्यात खानापूरसारखा धो-धो पाऊस आहे आणि अथणीसारखा कोरडा मुलूखही आहे. खानापूर, चंदगड, गोवा इकडची गाडी घेतली तर दाराच्या खालच्या कडा, मागच्या चाकाची कमान आणि पायाखालचा पत्रा गेलेला धरूनच चालायचं. वर लांबी (पुट्टी) भरून रंग मारलेला असतो, चुंबक लावला की पडतो. अथणी, रायबाग, जमखंडीकडची गाडी रंगाने उडालेली दिसेल, रबर तडकलेलं दिसेल, पण आत पत्रा असतो. रबर बदलता येतं, रंग मारता येतो. सडलेला पत्रा बदलणं म्हणजे टिंकरचे महिने.

त्यामुळे खानापूरची अॅम्बॅसेडर माझ्या लेखी बाद. गडहिंग्लजलाही पाऊस कमी नाही. हेराल्डची चेसिस मधे जाड असते पण बाजूला फुटलेले जे हात बॉडीला आधार देतात ते पातळ पत्र्याचे, ते आधी जातात. निपाणीची फियाट कोरड्यात आहे. विषय संपला.

खानापूरवाला

विषय संपला नाही. आमची अॅम्बॅसेडर न बघताच बाद केलीत! पत्रा गेलाय, कबूल. पण १९५८ ते २०१४ एवढी वर्षं जी गाडी बनत राहिली तिचा पत्रा आजही मिळतो. पुढे टॉर्शन बार, मागे पाटे, खडबडीत रस्त्याला हिच्यासारखी दुसरी नाही. पाचजण घेऊन, डिकीत सामान भरून ती घाट चढते. हेराल्डमध्ये मागे बसून बघा आणि मग सांगा.

शहापूरची लेक

इंधनाचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मी रसायनशास्त्र शिकवते आणि घरी वडिलांची जुनी गाडी सांभाळते. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आणि ते इथेनॉल चिकोडी-रायबागसारख्या आपल्याच पट्ट्यातल्या उसाचंही असतं. उसाला मागणी आली ते चांगलंच आहे, पण या तिन्ही गाड्यांचा कार्बुरेटर, होज आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्या काळच्या पेट्रोलसाठी केलेला आहे. इथेनॉलने जुनं रबर फुगतं आणि मऊ पडतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन बसतं, आणि नेमकं तेच आधी कार्बुरेटरात जातं. टाकी आतून गंजते, जस्ताच्या ओतीव भागांवर पांढरी पूड धरते.

म्हणून कुठलीही गाडी घ्या, पण टाकीपासून कार्बुरेटरपर्यंतचा प्रत्येक होज व्हायटॉनचा (इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा) घाला. वर बघून होज चांगला दिसतो. कापून आत बोट फिरवा, काळं बोटाला लागलं तर तो गेला समजा. अॅम्बॅसेडरचं हेड बिडाचं, व्हॉल्व्हच्या सीट त्यातच कापलेल्या. पेट्रोलमधलं शिसं त्या सीट वाचवायचं. २००० पासून शिशाचं पेट्रोल बंद झालं, त्यामुळे त्या सीट झिजून खाली जातात. वेगळ्या कडक सीट बसवून घेणं हे वेगळं काम धरा. फियाटच्या हेडमध्ये सीट मुळातच वेगळ्या बसवलेल्या असतात, हा तिचा मोठा गुण आहे.

गाडीबद्दल विचाराल तर मी टिळकवाडीकरांच्या बाजूने. आमच्या गल्लीत पूर्वी एक हेराल्ड होती. आता या सगळ्या भागात एक तरी चालू हेराल्ड कोणी दाखवावी.

कोल्हापूर उद्यमनगर

एवढा त्रास कशाला? अॅम्बॅसेडर घ्या, त्यात इसुझूचं १.८ इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स टाका, पुढे डिस्क ब्रेक घाला. नव्वदच्या दशकात कंपनीने स्वतःच अॅम्बॅसेडरमध्ये ते इंजिन दिलं होतं, माउंटिंग माहीत आहेत. गाडी रोज वापरता येईल. शेडमध्ये झाकून ठेवायची गाडी काय कामाची?

चिकोडीकर

थांबा. इंजिन बदलायच्या आधी कागद बघा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी, मूळ स्वरूपात असलेली, चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा बदल नसलेली. तिला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो, फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. इसुझू टाकलं की तो दरवाजा बंद. उलट व्हीए घेतलं की रोजच्या वापराला गाडी नेता येत नाही; रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. रविवारी आंबोलीला भजी खायला जायचं असेल तर साधीच नोंदणी ठेवा आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करा.

आता आपला खास प्रश्न. गडहिंग्लज महाराष्ट्रात. ती गाडी बेळगावात कायमची आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, मग इकडे पुन्हा नोंदणी आणि कर. आणि त्याच्याही आधी, डॉक्टर हयात आहेत का? नसतील तर वारसांच्या नावावर गाडी झाली आहे का? घराची वाटणी म्हणजे वारस चार-पाच असणार आणि प्रत्येकाची संमती लागणार. जुना तीन अक्षरी नंबर असेल तर संगणकात नोंदच नसते, बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. निपाणीची गाडी कर्नाटकातली आहे आणि मालक स्वतः सही करायला हजर आहेत. माझ्या माहितीतली एक सुंदर तयार गाडी केवळ एका वारसाच्या सहीसाठी ताडपत्रीखाली उभी आहे. चेसिस नंबरची पेन्सिलने छाप घ्या, आरसीशी जुळवा, मग पैशाची बोलणी करा.

मच्छे एमआयडीसी नव्हे, मच्छे गाव

सगळ्यांना मान देऊन सांगतो, आमच्या वयाच्या पोरांना यातली एकही गाडी घरची वाटत नाही. आमच्या घरात आलेली पहिली मोटार मारुती ८००. पहिली ८०० डिसेंबर १९८३ ला आली, ती एसएस ८० आता फारशी दिसतही नाही. ती करा. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, पार्ट स्वस्त.

चिकोडीकर

करा की, पण व्हीएसाठी २०३३ पर्यंत थांबावं लागेल.

टिळकवाडीकर

वारसांचा मुद्दा आज फोन करून विचारला. डॉक्टर गेले, गाडी अजून त्यांच्याच नावावर. तीन मुलगे आणि एक मुलगी, मुलगी पुण्याला. थोरले म्हणाले, गाडी कोणी चालू करणार असेल तर सगळे सही देतील, आरसी कपाटात आहे. पुढची काच शाबूत आहे का विचारलं, कारण तीच एक वस्तू बेळगावात बनत नाही. ते बघून सांगतो म्हणाले.

माझं मत तेच आहे, पण क्रम बदलतो. आधी चौघांच्या सह्या आणि गाडी त्यांच्यापैकी एकाच्या नावावर, मग एनओसी, मग बयाणा. काच फुटलेली असेल किंवा चेसिसचे मधले दोन मुख्य दांडे गेले असतील तर हेराल्ड सोडून देईन. बाजूचे हात गेले असतील तर सोडणार नाही, ते पत्रा वाकवून करता येतात.

उद्यमबाग फिटर

बघायला जाणार असाल तर मला घेऊन चला. जॅक, टॉर्च आणि बारका हातोडा आणतो. चेसिस ठोकून बघितल्याशिवाय कोणी हो म्हणायचं न्हाई, आणि आवाज बद्द आला तर तिथंच सांगूलालोय, मागं फिरायचं.

निपाणीकर

माझं मत तसूभर हललेलं नाही. फियाटचे मालक दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहेत, मी शब्द टाकलाय. तोपर्यंत गडहिंग्लजच्या सह्या झाल्या नाहीत तर ती गाडी मी स्वतः घेतोय, मग शेड तुमची आणि गाडी माझी, चालेल का तेवढं सांगा.