कॅम्पसचं जुनं नेटवर्क एका रविवारी बंद करावं, की महिनाभर दोन्ही चालू ठेवावीत? (मंचावरची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पॅचपॅनेल

नेटवर्क बदलायचं ठरलं की फायबर कुठून न्यायची, स्विच (नेटवर्कच्या तारा जोडायची उपकरणं) किती पोर्टचे घ्यायचे, यावर महिनोन्‌महिने खल चालतो. माणसं नव्या जाळ्यावर कशी यायची, याच्या वाट्याला मात्र एक परिपत्रक आणि एक पीडीएफ येते. नागपुरातल्या विद्यापीठाचं आवार डोळ्यांपुढे ठेवून चर्चा करू. जुनी व्यवस्था म्हणजे ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडणारं वायफाय, टेबलावरच्या संगणकांना हाताने दिलेले आयपी (नेटवर्कवरचे पत्ते) आणि वर प्रॉक्सी (ज्याच्यामार्फत बाहेरच्या इंटरनेटवर जायचं तो मधला सर्व्हर). नवी व्यवस्था म्हणजे ८०२.१एक्स, म्हणजे नेटवर्कवर येतानाच प्रत्येकाची ओळख तपासणारी पद्धत: ज्याचा त्याचा आयडी-पासवर्ड, आयपी आपोआप, प्रॉक्सी नाही.

माझं मत, जुनं एका ठरलेल्या रविवारी बंद करा. दोन्ही चालू ठेवली की फोन ओळखीच्या जुन्या नावालाच चिकटतो आणि कोणी हलत नाही. शिवाय जुने अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय देणारे डबे) भिंतीवर तसेच राहिले तर हवाही तीच वाटून घ्यावी लागते. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. एकाच व्हरांड्यात जुने-नवे दोन्ही संच बोलू लागले की नवं नेटवर्क पहिल्याच आठवड्यात 'स्लो' म्हणून बदनाम होतं, आणि ती बदनामी मग धुतली जात नाही.

टेबल नंबर चार

रविवारी बंद केलंत, तर सोमवारी साडेदहाला परीक्षा विभागात काय होईल ते सांगतो. बाबू संगणक सुरू करतात. खाली कोपऱ्यात नेटचं चिन्ह व्यवस्थित दिसतं, पिंगही (संपर्क तपासायचा छोटा संदेश) जातो, पण ब्राउझरमध्ये एक पान उघडत नाही. कारण सेटिंगमध्ये जुन्या प्रॉक्सीची खूण तशीच राहिलेली असते आणि ब्राउझर आता अस्तित्वातच नसलेल्या सर्व्हरचं दार ठोठावत बसतो. दुसऱ्या टेबलावर आयपी हाताने भरलेला, तिथे काहीच चालत नाही. तिसऱ्या टेबलावर नेट आहे, पण प्रिंट निघत नाही, कारण प्रिंटर अजून जुन्या १९२.१६८ च्या पत्त्यावर आणि संगणक नव्या १० च्या रांगेत. आणि खिडकीवर मार्कशीटसाठी रांग लागलेली!

प्रत्येक मशीनवर कामं अशी. विंडोजच्या रनमध्ये 'एनसीपीए.सीपीएल' टाकून अ‍ॅडॅप्टर उघडा, जुना आयपी आणि डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) कागदावर उतरवून घ्या, दोन्ही 'ऑटोमॅटिक' करा. सेटिंगमध्ये जाऊन प्रॉक्सी काढा. ब्राउझरमध्ये किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती वेगळी भरलेली असेल तर तिथूनही काढा, हे हमखास राहतं. प्रिंटरचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा नेटवर्क ओळख क्रमांक) बघून डीएचसीपीमध्ये (आपोआप आयपी वाटणाऱ्या व्यवस्थेत) त्याला कायमचा आयपी राखून ठेवा आणि संगणकावर त्या आयपीचं नवं टीसीपी पोर्ट, ९१००, जोडा. शेवटी एक चाचणी प्रिंट.

मशीनला २० मिनिटं धरा. ३०० मशीन म्हणजे १०० तास. चार जण रोज सहा तास बसले तरी चार दिवस पुरत नाहीत. तुमच्या रविवारात हे कुठे बसतं?

पॅचपॅनेल

तारेवरच्या मशीनबद्दल मान्य. तिथे विभागवार जावं लागेल. आधी वित्त किंवा ग्रंथालय, परीक्षा विभाग सर्वांत शेवटी, आणि तोही हॉल तिकिटांची गडबड नसताना. वायफायबद्दलचा माझा मुद्दा मात्र तसाच उभा आहे.

व्हीलॅन_विठोबा

वायफायला तर आणखी वेळ द्यायला हवा. पॅचपॅनेल सर, जुन्या लॉगिन पोर्टलचं आयुष्य संपलंय यात वाद नाही. ते पोर्टल प्रत्येक उपकरणाला मॅक पत्त्यावरून लक्षात ठेवतं, आणि अँड्रॉइड १० व आयओएस १४ पासून फोन खरा मॅक दाखवतच नाहीत. त्यामुळे 'दोनच उपकरणं' अशी मर्यादा असली की एकाच पोराच्या नावावर भुताटकीचे चार फोन दिसतात. पण ८०२.१एक्स लावताना खरी गोची प्रमाणपत्राची आहे, म्हणजे सर्व्हर खरोखर आपलाच आहे हे फोनला पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची.

डिसेंबर २०२० पासून, अँड्रॉइड ११ वर, 'प्रमाणपत्र तपासू नका' हा पर्याय आधी पिक्सेलवरून आणि मग हळूहळू इतर फोनांवरून गेला. आता फोनवर निवडायचं ते असं: पद्धत पीईएपी, दुसरा टप्पा एमएससीएचएपीव्ही२ (पासवर्ड पडताळायची रीत), प्रमाणपत्राच्या जागी 'सिस्टम प्रमाणपत्रं वापरा', आणि खाली डोमेनचा रकाना. पोरं अडतात ती इथेच. सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर जे नाव आहे, तेच तिथे लागतं. एक टिंब चुकलं तरी फोन नुसतं 'कनेक्ट होत आहे' दाखवत फिरत राहतो, चूक काय ते सांगत नाही. 'आयडेंटिटी'मध्ये पूर्ण आयडी, 'अनामिक' रकाना रिकामा.

जुन्या फोनांवर तो पर्याय अजून दिसतो, म्हणून कोणीतरी पीडीएफमध्ये सरळ लिहून टाकतं की 'तपासू नका' निवडा. असं कधीच लिहू नये. त्याच नावाचा हॉटस्पॉट अमरावती रोडवरच्या टपरीवर कोणी लावला, की फोन निमूटपणे त्याच्याशी बोलणी सुरू करतो. एमएससीएचएपीव्ही२ ची ती देवाणघेवाण हाती लागली की तिच्यातून पासवर्ड फोडता येतो. आणि तोच पासवर्ड निकालाच्या पोर्टललाही असेल तर?

संत्र्याची साल

पीडीएफ कोन वाचून राहिलं भाऊ? आन ती डाउनलोड करायले नेट लागते, ते काहून विसरता? विहिरीत उतराची शिडी विहिरीतच ठेवली तुमी.

दोन गोष्टी करा. एक उघडं वायफाय ठेवा, ज्याच्यावर सेटिंगचं एकच पान उघडते, बाकी काहीच नाही. आन कँटीनजवळ, ग्रंथालयाच्या दारात टेबल टाका. सकाळी ११ ते ४, प्रत्येक टेबलावर दोन पोरं: एक अँड्रॉइडवाला, एक लॅपटॉपवाला. पोस्टरवर तीन ओळी आन क्यूआर, बस. डोमेनचं नाव मोठ्या अक्षरात. पोराच्या हातातला फोन आपल्या हातात घ्याचा नाही, त्यालेच टाइप करू द्याचं. नाहीतर उद्या पासवर्ड बदलला की मंग तो पुन्हा टेबलावर उभा.

टेबल नंबर चार

फोन हातात घ्यायचा नाही हे लाखमोलाचं. त्यात एक भर. पासवर्ड बदलल्यावर माणूस लॅपटॉपवर नवा टाकतो आणि खिशातला फोन जुनाच पासवर्ड पाठवत राहतो. पाच चुकांनंतर खातं बंद होईल असं ठेवलं असेल, तर माणूस काही न करता दर अर्ध्या तासाला बाहेर फेकला जातो आणि शिव्या नेटवर्कला. टेबलावरच्या पोरांना पहिला प्रश्न शिकवा: 'तुमच्याकडे आणखी कोणतं उपकरण आहे?' आधी सगळ्यांवर नेटवर्क फरगेट, मग नवा पासवर्ड.

दुसरा प्रश्न: 'घड्याळात तारीख काय दिसते?' जुन्या डेस्कटॉपच्या बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी मेली की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. मग प्रमाणपत्र 'अजून लागूच झालेलं नाही' असं मशीनला वाटतं आणि ते नव्या नेटवर्कला नकार देतं. आत बदलायची असते एक बटणाएवढी बॅटरी, तक्रार मात्र येते 'सर्व्हर डाउन'.

पॅचपॅनेल

चांगले मुद्दे. पण महिनाभर दोन्ही चालवायची किंमत कोणी धरत नाहीये. दोन डीएचसीपी, दोन फायरवॉलचे नियम, आणि तक्रार आली की पहिली दहा मिनिटं 'तुम्ही नेमके कोणत्या नेटवर्कवर आहात' यात. लोकांना वेळ द्यायचा तर तो बंद करण्याआधी द्या, टेबलं आधी मांडा. नंतर मुदतवाढ नको. एकदा दिली की पुढची मागितली जातेच.

आणि तारीख मे महिन्यातली धरू नका. सुट्ट्या असतात म्हणून ती सगळ्यांना सोयीची वाटते. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि वरच्या मजल्यावर स्लॅबखाली बंद पेटीतल्या साध्या स्विचची मर्यादा असते ४० ते ५० अंश. नवीन मांडलेलं तिथेच अडखळतं आणि दोष बदलाला लागतो. त्यातून त्या पेटीशेजारच्या सॉकेटवर उन्हाळ्यात कूलर येतो. कूलर लावायला स्विचचा प्लग काढला की एक अख्खा मजला मेला. पेटीचं सॉकेट आतून घ्या, कुलूप लावा.

व्हीलॅन_विठोबा

मे नको, हे पटलं. पण 'आधी वेळ दिला' म्हणून माणसं आधी येत नाहीत. जुनं चालू आहे तोवर तुमच्या टेबलावर कोण थांबणार? त्यांना धक्का लागतो, तो लहान द्या. पहिल्या बुधवारी दुपारी ३ ते ४ जुनं वायफाय बंद, आधी जाहीर करून. पुढच्या बुधवारी अर्धा दिवस. तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस. दर वेळी बंद करण्याआधी जुन्या डीएचसीपीमधून चालू उपकरणांची यादी काढा. तिसऱ्या यादीत जे उरतील ते आळशी लोक नसतात. ती असतात प्रयोगशाळेतली उपकरणं, बायोमेट्रिक हजेरीची यंत्रं, सभागृहातला प्रोजेक्टर. त्यांना ८०२.१एक्स येतच नाही. त्यांच्यासाठी वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवर वेगळं काढलेलं नेटवर्क) आणि मॅक पत्त्यावरून परवानगी लागते. तुमच्या रविवारी ती सगळी एकदम गेली असती, आणि हजेरीचं यंत्र बंद म्हणून सोमवारी कर्मचारी संघटना दारात.

पॅचपॅनेल

तीन बुधवार चालतील. चौथा नाही. आणि ती पहिली यादी काढून कोणाच्या हातात देणार, ते आधी ठरवा. विभागप्रमुखाच्या नावे मेल गेली तर ती न उघडता पडून राहील. यादी छापून त्या मजल्यावरच्या शिपायाला द्या. कोणतं यंत्र कोणत्या खोलीत आहे, हे त्यालाच ठाऊक असतं.