छोटा डेस्कटॉप जुळवतोय, फॅन काढून टाकला तर चालेल का?

कंदील:
वापरलेले पार्ट घेऊन एक छोटा स्वस्त डेस्कटॉप जुळवतोय. मिनी-आयटीएक्स बोर्ड आहे म्हणजे १७ बाय १७ सेमी, प्रोसेसर ३५ वॉटचा. मुलांचा अभ्यास, टायपिंग, व्हिडिओ एवढंच काम. आवाज अजिबात नकोय म्हणून फॅन काढून सगळं ॲल्युमिनियमच्या बंद डब्यात टाकायचा विचार आहे, जमेल का? आणि पॉवर सप्लाय आत घेऊ की बाहेर?

सोल्डरगन:
नुसता फॅन काढला म्हणजे फॅनलेस होत नाही हो. प्रोसेसरची हीट धातूतूनच डब्याच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत पोचली पाहिजे, मध्ये हवा राहिली की संपलं, कारण हवा हीट नेत नाही नीट. हीटपाइप (हीट वाहून नेणारी धातूची नळी) किंवा ॲल्युमिनियमचा ठोकळा, दोन्हीकडे फटी भरणारी थर्मल पेस्ट, आणि डब्याच्या बाहेर उभ्या पट्ट्या म्हणजे गरम हवा आपोआप वर जाते. हे नसेल तर पहिली दहा मिनिटं झकास चालेल मग क्लॉक म्हणजे प्रोसेसरचा वेग खाली येईल आणि वाटेल प्रोसेसरच भिकार आहे. बरं ३५ वॉट हा आकडाही कायमचा नाही, टर्बोत म्हणजे थोडा वेळ जास्त वेगाने चालताना तो त्याच्या वर जातो, बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) पॉवर लिमिट असेल तर कमी करून बघा. इंटेलच्या एन१०० सारखा ६ वॉटचा असता तर मी बिनधास्त हो म्हटलं असतं.

अडगळ:
माझं मत, फॅन ठेवा पण मोठा ठेवा. माझ्याकडच्या एका डब्यात ४० मिमीचा होता, किर्र आवाज दिवसभर, शेवटी झाकण कापून १२० मिमीचा बसवला आणि कमी स्पीडवर ठेवला, आता चालू आहे की बंद ते हात लावून बघावं लागतं. तेवढीच हवा हलवायला छोट्या फॅनला कितीतरी जोरात फिरावं लागतं म्हणून तो ओरडतो. खाली रबरी पाय उंच लावा, हवा खालून आत वरून बाहेर, आणि जाळी अशी लावा की स्क्रू न काढता धुता येईल, नाहीतर कोणी धूत नाही.

सोल्डरगन:
+१. आणि पॉवर बाहेरच ठेवा. २००५ चा पहिला मॅक मिनी साडेसोळा सेमीच्या चौकोनात बसला त्यात बाहेरच्या ॲडाप्टरचा मोठा वाटा होता. शिवाय मुलांनी डबा उघडला तरी आत मेनची वीज नसते. फक्त बोर्डावर ॲडाप्टर थेट लागणारा डीसी जॅक आहे का बघा, डेस्कटॉपचा नेहमीचा २४ पिनवाला पॉवर कनेक्टरच असेल तर मध्ये छोटं डीसी कन्व्हर्टर लागेल.

कंदील:
२४ पिनवालाच निघाला. मग कन्व्हर्टर घेतो, १२० चा फॅन वर, आणि पॉवर लिमिट २५ वॉटवर ठेवून बघतो. रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे, तो भरू का?

अडगळ:
भरा, ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच असेल तर ते हीच रॅम वापरतं, म्हणून रॅमच्या दोन स्टिकने ग्राफिक्सला खरंच फरक पडतो. पण फॅन खरेदीआधी झाकण आणि रॅमच्या मधली जागा मोजा, १२० वाला बहुतेक २५ मिमी जाड असतो.