गॅस्केट बदलूनही ठिबकतंय, तर खाली बघा

१९६७ च्या एमजीबीत (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या पेट्रोल टाकीच्या, झाकणाचं गॅस्केट (सील) बदलूनही मागच्या कार्ब्युरेटरखाली पेट्रोल साचतंय, काय करावं, असं एकाने विचारलंय. माझा संशय झाकणावर नाही, बुडाशी आहे.

सगळं कोरडं पुसा आणि इंजिन सुरू न करता नुसतं इग्निशन द्या. पंप टकटक करून चेंबर भरेल आणि गप्प बसेल. टकटक चालूच राहिली आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल आलं, तर चेंबर भरल्यावर पेट्रोल बंद करणारी फ्लोटची सुई अडकलीय. सील बदलून काही होणार नाही. जेटला (इंजिनाकडे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीला) पेट्रोल नेणारी नायलॉनची नळी चेंबरच्या बुडात शिरते तिथे ओल दिसली, तर आतलं छोटं रबर गेलं. या गाडीतल्या एचएस४ कार्ब्युरेटरचं हे जुनंच दुखणं.

नवं रबर बसवताना नळीचं टोक रबराच्या पुढे साधारण ५ मिमी आलंच पाहिजे, नाहीतर नट आवळला की नळी मागे सरकते. नट बेताने आवळा. पुढच्या आणि मागच्या कार्ब्युरेटरचे जेट सारखे नसतात, सुटे भाग मागवताना कोणता हवा ते सांगा. जेट धरून ठेवणाऱ्या बेअरिंगच्या मोठ्या नटाला मात्र हात लावू नका, नाहीतर जेट पुन्हा मध्यावर आणत बसावं लागेल.

ब्रिटनमध्ये २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) झालंय. इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, तेव्हा सील व्हायटॉनचेच (इंधनाला टिकणारं कृत्रिम रबर) घ्या. आणि एक्झॉस्ट बरोबर खालीच आहे, गळती थांबेपर्यंत गाडी बाहेर काढू नका.