ब्रिजिड: आधी देवी की आधी संत?

रानजाई: १ फेब्रुवारी, आयर्लंडमध्ये सेंट ब्रिजिडचा दिवस. ही बाई संत कधी नव्हतीच. दग्दा या जुन्या आयरिश देवाची लेक असलेली जुनी देवी चर्चने झगा चढवून उभी केली. किल्डेअरच्या तिच्या मठातला अखंड अग्नी आणि तिच्या दिवसासाठी विणतात तो लव्हाळ्याचा क्रॉस हा धडधडीत पुरावा.

शिलालेख: हे दरवर्षी फिरतं आणि सनावळी कोणी बघत नाही. कोगितोसस या आयरिश भिक्षूने लॅटिनमध्ये लिहिलेलं संत ब्रिजिडचं चरित्र साधारण ६५० सालचं. देवी ब्रिजिडची माहिती देणारा कॉरमॅकचा शब्दकोश ९००च्या आसपासचा: दग्दाची मुलगी, कवींची देवी, त्याच नावाच्या दोन बहिणी, एक वैद्यकाची, दुसरी लोहारकामाची. म्हणजे आयरिश लेखनात संत अडीचशे वर्षं आधी येते. अग्नीचंही तेच. कोगितोसस किल्डेअरचं चर्च तपशीलवार वर्णन करतो, अग्नीबद्दल अवाक्षर नाही. तो भेटतो थेट १२व्या शतकाच्या शेवटी, वेल्सचा जेराल्ड या धर्मगुरू-लेखकाकडे: १९ नन पाळीपाळीने राखतात, २०व्या रात्री ब्रिजिड स्वतः. भोवती कुंपण, पुरुषाला मज्जाव, तोंडाने फुंकर मारायची नाही, फक्त भाता किंवा सूप वापरायचं. मधली पाचशे वर्षं कुठे गेली?

रानजाई: लिहिलं नाही म्हणजे नव्हतंच? लिहिणारे सगळे मठातले. ते देवीबद्दल कशाला लिहितील? आणि ब्रिगँटिया या मिळत्याजुळत्या नावाच्या देवीचे रोमन काळातले शिलालेख उत्तर ब्रिटनमध्ये आहेत, स्कॉटलंडमधल्या बिरेन्सला तर कोरीव मूर्ती सापडली. ते कोगितोससच्या कितीतरी आधीचे. त्यावर तुम्ही गप्प का?

शिलालेख: ब्रिगँटिया मान्य. पण ती समुद्रापलीकडची. तिथून किल्डेअरपर्यंतचा दुवा दाखवा. आणि मठातले लोक देवांबद्दल लिहीत नव्हते हे साफ चूक. मॉरिगन, लूग, दग्दा, सगळे मठांतल्याच हस्तलिखितांतून आपल्यापर्यंत आलेत.

पाणवठा: आणि क्रॉस? त्याचा १७व्या शतकाआधी लेखी उल्लेख नाही. पण मला खरा राग याचा की लोक कोरड्या पेंढ्याचे तुकडे जोडून फोटो टाकतात.

विणकर: पेंढ्याचाही परंपरेने करतात हो. फक्त आधी भिजवावा लागतो, नाहीतर दुमडताना तडकतो.

पाणवठा: भिजवूनही लव्हाळ्यासारखा वळत नाही. ३१ जानेवारीला लव्हाळे आणायचे, तेही कापून नाही, उपटून. २०-२५ पुरतात. एक उभा धरा. दुसरा मध्यावर दुमडून त्याच्याभोवती घाला, टोकं उजवीकडे. सगळं पाव फेरा डावीकडे फिरवा, म्हणजे ती टोकं वर येतील. पुढचा दुमडून वर आलेल्या सगळ्या काड्यांभोवती, टोकं पुन्हा उजवीकडे. असंच चालू ठेवा. शेवटी चारही हात दोऱ्याने बांधून टोकं सारखी कापा.

विणकर: मधला चौकोन ढिला पडतो त्याचं काय?

पाणवठा: प्रत्येक घडी मध्याशी भिडवून अंगठ्याने दाबली नाही की पडतो. लव्हाळा वाळताना आकसतो, म्हणून ओला असताना गच्च वाटेल इतकं ओढायचं. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरवलंत तर चौकोन बसतच नाही.

रानजाई: मूळ मुद्दा काय, चाललंय काय! क्रॉसच शिकवायचा तर वेगळा धागा काढा.

पाणवठा: क्रॉस पुरावा म्हणून तुम्हीच आणलात.

रानजाई: बरं, क्रॉस सोडते. अग्नीच्या पाचशे वर्षांचं उत्तर माझ्याकडे नाही, तेही घ्या. पण कविता, औषध आणि लोखंड एकाच नावाच्या तीन बहिणींना वाटून देणारा कॉरमॅक हे हवेतून आणत नव्हता. त्याच्यामागे जुनी देवी होती.

शिलालेख: देवी होती, हे मीही नाकारत नाही. मात्र चर्चने तीच संत करून उभी केली, हा तुमचा दावा अजून सिद्ध व्हायचाय.